‘अप’ म्हणजे दरवेळी ‘वर’ नव्हे

प्रश्न : पुट ऑफ, पुट आउट, पुट अप विथ अशी यादी पाठ केली, पण आठवड्याभरात सगळ्यांची सरमिसळ होते. अर्थ लक्षात ठेवायची काही रीत आहे का? (वाचक, सातारा)

उत्तर : यादी क्रियापदावरून केलीत, म्हणून घोळ होतो. ‘पुट’ तर सगळीकडे तोच. अर्थ फिरवतो मागचा छोटा शब्द. तेव्हा वही त्या शब्दांवरून लावा. एक पान ‘अप’चे, एक ‘ऑफ’चे, एक ‘आउट’चे.

‘अप’चा एक मोठा गट काम पुरते संपवण्याचा आहे : ईट अप, ड्रिंक अप, यूज अप. मराठीत हेच काम ‘टाकणे’ करते. ‘पोळी खाऊन टाक’ म्हणताना आपण काही फेकत नाही, तसे ‘ईट अप’मध्ये काही वर जात नाही. ‘आउट’च्या पानावर विझणे-संपणे येईल : पुट आउट म्हणजे आग विझवणे, रन आउट म्हणजे साखर किंवा पैसे संपणे. ‘ऑफ’च्या पानावर ही जोडी शेजारी शेजारीच लिहा : पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, कॉल ऑफ म्हणजे रद्द करणे. मुलाखतीच्या पत्रात यांची गल्लत झाली, तर नव्या तारखेची वाट पाहणे फुकट जाते.

सगळेच गटात बसत नाहीत. पुट अप विथ, म्हणजे सहन करणे, हे अखंडच पाठ करावे लागते.

अर्थाशेजारी कर्माची जागाही टिपा, कारण खरी चूक तिथे होते. ‘पुट द मीटिंग ऑफ’ आणि ‘पुट ऑफ द मीटिंग’ दोन्ही चालतात. पण सर्वनाम आले की ते मधेच हवे. ‘पुट इट ऑफ’ बरोबर, ‘पुट ऑफ इट’ चूक. उलट ‘लुक आफ्टर’ फोडता येत नाही : ‘लुक आफ्टर हर’. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी कोशांत ‘पुट समथिंग ऑफ’ असे छापतात. त्यातल्या ‘समथिंग’ची जागा बघायची.

आठवड्याला ५ पुरेत. वाक्ये घरातलीच करा : ‘वी हॅव रन आउट ऑफ गॅस.’

प्रश्न : परदेशी विद्यापीठाच्या अर्जात ‘आय पास्ड आउट इन २०१९’ लिहू का? (वाचक, पुणे)

उत्तर : नको. आपल्याकडे ते पदवी घेतली असे समजते. अमेरिकेतला वाचक ‘बेशुद्ध पडलो’ असा अर्थ घेईल. खडकवासल्याची ‘पासिंग आउट परेड’ हा सैनिकी वापर आहे, तो तिथे योग्यच. तुम्ही ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०१९’ लिहा.