सोबतच्या सहकाऱ्यांना कोर्टातून लाभ मिळाला, ऑफिस म्हणतं तुम्ही केसमध्ये नव्हता. मीही केस करू का?

करा आणि लगेच करा. हे "तुम्ही अर्जदार नव्हता" मलाही ऐकवलंय, म्हणून लिहितेय.

मी सिंधुदुर्गातल्या एका तालुका ऑफिसात आहे. जाहिरात एक, परीक्षा एक, निवड यादी एक. बाकीच्या जिल्ह्यांतल्यांना ऑक्टोबर 2005 मध्ये ऑर्डरी मिळाल्या, आमची फाईल वरच्या टेबलावर पडून राहिली आणि आम्ही हजर झालो डिसेंबरात. मध्ये 1 नोव्हेंबर आली ना, त्या तारखेपासून लागणाऱ्यांना जुनी पेन्शन बंद. त्यामुळे ऑक्टोबरवाल्यांना जुनी पेन्शन आणि आमची डीसीपीएसची, म्हणजे नव्या पेन्शन योजनेची, पगारातून कपात! यादीत माझ्या खाली नाव असलेलीला पेन्शन, मला नाही. बॅचमधले काहीजण मॅटमध्ये, म्हणजे राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले, जिंकले. मी अर्ज दिला तर हेच उत्तर. मग मी मॅटमध्ये स्वतःचा ओए (मूळ अर्ज) टाकला, तारखेला रात्रीची कोकणकन्या पकडून मुंबईला जायचे, रजा बिनपगारी झाली तरी गेले, आणि निकाल माझ्या बाजूने लागला.

आमचे भावोजी तेव्हापासून म्हणायचे, "सरकाराशी भांडान कोणाचा बरा झाला?" पुढे 2 फेब्रुवारी 2024 चा जीआर आला, 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीच्या जाहिरातीवर लागलेल्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला, तर म्हणे बघ, थांबली असतीस तर फुकटात मिळालं असतं. कसलं फुकटात? लोक वर्षानुवर्षं कोर्टात भांडले, मार्च 2023 मध्ये संपावर गेले, तेव्हा तो जीआर निघाला. गप्प बसणाऱ्यांमुळे नाही निघाला.

तुमचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने 2014 मध्येच सांगितलंय, एकाला दिलेला लाभ तशाच परिस्थितीतल्या बाकीच्यांनाही द्यायचा, पण दुसऱ्याचा निकाल लागेपर्यंत वर्षानुवर्षं झोपून राहिलेल्यांना तो हक्काने मागता येत नाही. त्यामुळे आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, त्या निकालाची प्रत जोडा. सहा महिन्यांत उत्तर नाही आलं तर पुढच्या वर्षभरात मॅट. नकार आला तर त्या तारखेपासून वर्ष. पगाराचा विषय असेल तर उशीर झाला तरी केस बऱ्याचदा टिकते, पण थकबाकी साधारण मागच्या तीनच वर्षांची मिळते.

आणि हो, जिल्हा परिषदेत असाल तर मॅट नाही, हायकोर्ट. रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, मुंबईची फेरी वाचते. त्रास देतील का विचारलंत, तर आमच्या साहेबांनी तोंड वाकडं केलं, बाकी काही नाही, सगळीकडे तसंच असेल असं नाही. पण घरातलं कोणी "जाऊ दे" म्हणालं तर त्याला विचारा, रिटायर झाल्यावर महिन्याला पैसे तू देणार का? भावोजींना मी हेच विचारलं होतं, ते अजून उत्तर देतायत.