‘मी मुलाबद्दल वाईट शब्द काढलाच नव्हता!’

प्रश्न : भाचीसाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा आमच्या एका परिचितांच्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला. त्यांना फोन करून विचारलं, “मुलगा कसा आहे?” ते म्हणाले, “घर चांगलं आहे. आई तर फारच प्रेमळ. वाडा स्वतःचा आहे.” आम्ही काय ते समजलो आणि मध्यस्थांना कळवलं, ‘अमक्यांनी मुलाबद्दल बरं सांगितलं नाही, तेव्हा राहू दे.’ आता ते परिचित चिडलेत. “मी मुलाबद्दल वाईट शब्द काढलाच नव्हता,” म्हणतात. खोटं कोण बोलतंय?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : खोटं कोणीच बोलत नाहीये, म्हणून तर हे भांडण मिटायला अवघड. त्यांची तिन्ही वाक्यं पुन्हा वाचा. प्रश्न मुलाचा आणि उत्तर वाड्याचं!

पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञांनी १९६७ साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत जवळपास हेच उदाहरण आहे. एक विद्यार्थी तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी अर्ज करतो. त्याचे शिक्षक शिफारसपत्रात एवढंच लिहितात : इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व आहे, वर्गाला हजेरी नियमित असते. संपलं पत्र. वाचणाऱ्याला कळतं, याला घ्यायचं नाही. (‘अक्षर वळणदार आहे’ हा आपल्याकडचा शेरा त्याच जातकुळीतला.) ग्राइस म्हणतात, ऐकणारा काही गोष्टी धरूनच चालतो : समोरचा खरं बोलतोय, हवं तेवढं सांगतोय, विचारलंय त्याला धरून बोलतोय, उगाच घोळ घालत नाहीये. उत्तर त्यात बसलं नाही, तर आपण त्याला वेड्यात काढत नाही; हा असं का बोलला असेल, ते शोधतो. शिक्षकांना विद्यार्थी माहीत आहे, काय विचारलंय तेही माहीत आहे, तरी लिहीत नाहीत. म्हणजे लिहिण्यासारखं काही नसणार.

तुम्हीही तेच केलंत. आणि तो ‘तर’ ऐकलात ना? ‘आईही प्रेमळ आहे’ म्हणाले असते, तर मुलगा आपोआप चांगल्यांच्या पंगतीत बसला असता. ‘आई तर’ म्हणून त्यांनी आईची खात्री दिली. बाकीच्यांचं तुमचं तुम्ही बघा.

एक शक्यता मात्र तपासायला हवी होती. मुलगा शिक्षणासाठी बाहेर पडला आणि नंतर फक्त गणपतीला दिसतो, असं असेल तर ते गप्प राहिले ते माहीत नाही म्हणून. गप्प राहण्याला अर्थ येतो तो माणसाला माहिती असेल तरच.

तसं नसेल, तर तुम्ही लावलेला अर्थ मला बरोबर वाटतो. चुकलं ते त्याच्या पुढे. सुचवलेल्या अर्थाची एक खूण असते : बोलणाऱ्याला तो मागे घेता येतो. ‘आई तर फारच प्रेमळ, आणि मुलगा म्हणाल तर हिरा!’ असं ते पुढे म्हणाले असते, तरी आधीचं एकही वाक्य खोटं पडलं नसतं. उलट ‘वाडा स्वतःचा आहे, पण भाड्याचा आहे’ असं म्हणून बघा. जे उघड शब्दांत सांगितलं, ते असं पुसता येत नाही. माणसं आडून बोलतात ती बऱ्याचदा या सोयीसाठीच. त्यांना उद्याही त्याच गल्लीत राहायचंय. तुम्ही मात्र ‘सुचवलं’चं ‘सांगितलं’ केलंत, वर त्यांचं नावही लावलंत. त्यांचा राग रास्त आहे. ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणायचं होतं. त्याचा अर्थ मध्यस्थांना बरोब्बर कळतो.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी शब्दशक्ती, म्हणजे शब्दांतून अर्थ निघण्याचे प्रकार, पाठ करतोय. अभिधा, लक्षणा समजतात. व्यंजना मात्र कवींची चैन वाटते. रोजच्या बोलण्यात तिचं काय काम?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : कऱ्हाडच्या फोनवर दुसरं काय चाललं होतं? गाइडांमधलं ‘बाबा ताटावर बसले’ घ्या. ताटावर कोणी बसत नाही, शब्दशः अर्थ (तो देते ती अभिधा) अडतो, म्हणून आपण ‘जेवायला बसले’ असा जवळचा अर्थ घेतो. ही लक्षणा. व्यंजनेत अडत काहीच नाही. वाडा खरंच स्वतःचा, आई खरंच प्रेमळ. तो अर्थ शाबूत राहून वर आणखी एक निघतो.

आणि चैनीचं म्हणाल, तर अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या काव्यशास्त्राच्या ग्रंथात ‘सूर्य मावळला’ या एका वाक्याचे कितीतरी अर्थ ओळीने दिलेत. शत्रूवर चालून जायची हीच वेळ. काम थांबवू या. संध्येची तयारी करा. लांब जाऊ नकोस. गाई घरात घ्या. आता ऊन लागायचं नाही. विकायला मांडलेला माल आवरा. प्रियकर आता येईलच, हा एक अर्थ; आणि अजूनही आला नाही, हाही त्याच वाक्याचा! यातले कितीतरी गोठ्यातले आणि बाजारातले आहेत. मम्मटाचा मुद्दा असा की वाच्यार्थ (शब्दांचा सरळ अर्थ) सगळ्यांना एकच, व्यंग्यार्थ (सुचवलेला अर्थ) मात्र कोण, कोणाला, कुठल्या प्रसंगी म्हणतंय त्यावर बदलतो.

परीक्षेत असं वाक्य आलं, तर आधी प्रसंग दिलाय का बघा. नसेल, तर त्यातल्या त्यात ‘अभिधा’ला खूण करणं सुरक्षित.