घट बसवताना पडलेले प्रश्न

पितृपंधरवडा संपत आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी लोक ‘हे कसं करायचं?’ असं विचारतात. नवरात्र जवळ आलं की विचारतात, ‘हे चुकलं तर काय होईल?’ यंदाच्या पत्रांतही भीतीच जास्त आहे. म्हणून त्यातलीच काही इथे घेते.

ताई, गेल्या वर्षी पाचव्या माळेला आमचा अखंड दिवा विझला. सासूबाई म्हणाल्या, लक्षण बरं नाही. दोन महिन्यांनी यजमानांना अपघात झाला. तेव्हापासून मला रात्री झोप लागत नाही. दोन्हींचा काही संबंध असेल का? (एक वाचक, ठाणे)

नाही. हे आधी मनातून काढून टाका. यजमान आता बरे असतील अशी आशा करते.

दिवा विझतो तो वातीवर काजळी धरली म्हणून, तेल संपलं म्हणून किंवा वारा लागला म्हणून. विझला तर हात-पाय धुवायचे, वात बदलायची, दिवा पुन्हा लावायचा आणि नमस्कार करायचा. एवढंच.

माझ्या आईची एक रीत सांगते. काजळी काढायच्या आधी ती त्याच दिव्यावर एक निरांजन लावून बाजूला ठेवायची. काजळी झाडताना मोठा दिवा गेलाच, तर निरांजनावरून परत लावायचा. ज्योत तीच राहते. दिवा खोलगट आणि रुंद तोंडाचा घ्या, वात जाड वळा, झोपण्याआधी तेल घाला. वारा लागत असेल तर काचेची हंडी ठेवा.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. दोघंही नोकरीला जात असाल आणि घराला कुलूप असेल, तर पेटता दिवा मागे ठेवू नका. मंडपीचं, म्हणजे घटावर माळा टांगायच्या चौकटीचं लाकूड, माळांची सुकी फुलं, शेजारी पडदा. सकाळ-संध्याकाळ घरात असाल तेवढा वेळ दिवा लावा. आमच्या ओळखीच्या एका घरात देव्हारा जळालेला मी पाहिला आहे, म्हणून हे इतकं ठासून लिहिते.

२०२५ साली नवरात्र दहा दिवसांचं झालं. मग माळा नऊ की दहा? असं का होतं? (एक वाचक, नाशिक)

त्या वर्षी घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि दसरा २ ऑक्टोबरला आला. मधे एक तिथी वाढली होती.

सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी पूर्ण होते. चंद्र सारख्या गतीने चालत नाही, त्यामुळे तिथी कधी १९-२० तासांत संपते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. एखादी तिथी दोन सूर्योदयांना सापडली तर ती दोन दिवस धरतात, एकाही सूर्योदयाला नसली तर तिचा क्षय. म्हणून नवरात्र कधी आठ दिवसांत आटोपतं, कधी दहा दिवस चालतं. आमच्याकडे रोजची माळ रोज बांधतात, म्हणजे त्या वर्षी दहा झाल्या. तुमच्या घरी नऊच बांधायची पद्धत असेल तर तीही चालेल.

आमच्या घटातलं धान नीट उगवत नाही. शेजारच्या घटात वीतभर येतं, आमचं पिवळं आणि विरळ. शेजारी म्हणतात, देवी रुसली आहे. (एक वाचक, सोलापूर)

हा माझा आवडता विषय आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

घट म्हणजे एक लहानसं शेतच. परडीत किंवा पत्रावळीवर काळी माती, तिच्यात सात प्रकारचं धान्य, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट, वर विड्याची पानं आणि नारळ. हे अश्विनात का? खरिपाचं पीक हाताशी येत असतं, रब्बीची पेरणी तोंडावर असते. आपल्या घरातलं बी उगवतं की नाही, कोणतं जोमाचं आहे, हे शेतकरी पेरणीआधी घटात पाहत असे. घट मातीचाच का, तेही यातच आहे. कच्च्या भाजणीच्या मडक्यातून पाणी हळूहळू पाझरतं आणि भोवतालची माती नऊ दिवस ओली राहते. तांब्याच्या कलशातून ते होत नाही. कलश मांडत असाल तर रोज हाताने बेताचं पाणी शिंपडावं लागेल.

तुमचं धान विरळ येण्याची कारणं बहुतेक जमिनीवरचीच असतील. दुकानातल्या पुडीतलं धान्य जुनं, किडकं असतं. पॉलिश केलेला तांदूळ किंवा डाळ उगवणारच नाही, साळ हवी, अख्खे मूग हवेत. माती चाळून घ्या, भिजलेली असू द्या, पण चिखल नको, बी कुजतं. गहू आणि जव रात्री भिजवून सकाळी पेरले तर लवकर कोंब धरतात. आणि पिवळा रंग? देवघराच्या कोपऱ्यात ऊन पोचत नाही, उजेड नसला की पानात हिरवा रंग तयार होत नाही. कोंब उजेड शोधत उंच मात्र भराभर वाढतात. कितीतरी घरांत हेच पिवळंधमक धान शुभ मानतात आणि दसऱ्याला टोपीत तुरा म्हणून खोवतात. तुमच्याकडे त्याचाच रुसवा झाला!

बाबा मार्चमध्ये गेले. चाळीस वर्षं आमच्या घरी घट आईच बसवत आली. आता भावकीतले लोक म्हणतात, तिने घटाला हात लावायचा नाही, सुनेने बसवावे. आई काही बोलत नाही, पण तिने मंडपी माळ्यावरून काढलीसुद्धा नाही. आम्ही काय करावं? (एक वाचक, सातारा)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मंडपीचं वाक्य मनातून जात नाही.

घट आईंनाच बसवू द्या. सून शेजारी बसेल, शिकेल.

आता भावकीला काय सांगायचं ते. नवरात्रात घरोघरी सप्तशतीचा पाठ होतो. मार्कंडेय पुराणातले ते १३ अध्याय. त्याच्या अकराव्या अध्यायात देव देवीची स्तुती करताना म्हणतात, ‘विद्याः समस्तास्तव देवि भेदाः स्त्रियः समस्ताः सकला जगत्सु’. सगळ्या विद्या आणि जगातल्या सगळ्या स्त्रिया ही तुझीच रूपं. समस्ताः असा शब्द आहे. सवाष्णी तेवढ्या, असं तिथे म्हटलेलं नाही. ज्यांच्या घरी हा पाठ होतो त्यांनी हा श्लोक म्हणायचा आणि लगेच उठून घरातल्या थोरल्या बाईला देवघराबाहेर बसवायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

त्याच ग्रंथाची सुरुवात आठवा. राज्य गमावलेला सुरथ राजा आणि बायकामुलांनीच पैशांसाठी घराबाहेर काढलेला समाधी नावाचा वैश्य रानात भेटतात. आपल्याच माणसांनी टाकलेली ही दोन माणसं. त्यांना मेधा ऋषी देवीची कथा सांगतात, आणि शेवटी ते दोघं नदीकाठी मातीची मूर्ती करून तिची पूजा करतात. त्यांची अंगावरची चिन्हं कुणी तपासली नाहीत. तीन वर्षांनी देवी त्यांच्यापुढे उभी राहिली.

मी पौरोहित्य शिकले ते आजीमुळे. आजोबा गेल्यावर ती नऊ दिवस स्वयंपाकघरात बसून फुलं निवडायची, वाती वळायची, आणि देवघरात कोणती आरती चालली आहे हे ऐकत ओठ हलवायची. तिला कुणी आत बोलावलं नाही. मी लहान होते, मलाही सुचलं नाही. तुम्ही तसं होऊ देऊ नका. मंडपी तुम्ही स्वतः माळ्यावरून काढा, पुसा आणि आईंच्या पुढ्यात ठेवा.

वर्षाच्या आत सण करायचे की नाही, अशीही शंका निघेल. गोडधोड, पाहुणे, नवे कपडे यंदा नसतील तर नसोत. घट हा कुळाचार आहे, तो साधेपणाने करतात.

रोजचे नऊ रंग पाळले नाहीत तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

चालेल. धर्मशास्त्राचा त्याच्याशी संबंध नाही, ही अलीकडची हौस आहे. मैत्रिणींबरोबर एका रंगाची साडी नेसण्यात आनंद आहे, जरूर नेसा. पण त्या रंगाची साडी नाही म्हणून कर्ज काढू नका आणि ऑफिसातल्या कुणाला ओशाळवाणं वाटू देऊ नका.

सोयर आहे, ते चौथीला फिटतं. यंदा घट चुकलेच का? (एक वाचक, अकोला)

चुकले नाहीत. बाळाचं अभिनंदन! १८व्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी लिहिलेल्या धर्मसिंधूत अशा घरांची सोय केलेली आहे. नऊ दिवस जमत नसेल तर तृतीयेपासून सात, पंचमीपासून पाच, सप्तमीपासून तीन, नाहीतर अष्टमीचा एक दिवस. तुम्ही पंचमीला बसवा. ललिता पंचमी आहे, दिवस सुरेख आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी तुळजापूरला जाणार आहोत. देवी झोपलेली असते म्हणतात, मग दर्शन होतं का? (एक वाचक, लातूर)

होतं, पण सिंहासनावर नाही, पलंगावर. भवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे जागेवरून हलवता येते. विजयादशमीला पहाटे सीमोल्लंघन झालं की तिला पलंगावर निजवतात आणि अश्विन पौर्णिमेपर्यंत तिची श्रमनिद्रा चालते. महिषासुराशी लढून दमलेली आई विसावते, असा भाव. पालखी आणि पलंग अहिल्यानगरच्या बाजूने दरवर्षी वाजतगाजत येतात. पौर्णिमेला ती पुन्हा सिंहासनावर बसते आणि त्यासाठी रात्रंदिवस चालत आलेल्या लोकांनी रस्ते भरून जातात. तुम्ही जाल तेव्हा देवी निजलेली असेल, मुलांना हे आधी सांगून ठेवा. ती आपोआप हळू बोलतात.

सोनं म्हणून बाजारात जी पानं मिळतात ती आपट्याचीच असतात का? (एक वाचक, डोंबिवली)

बऱ्याचदा नसतात. कांचनाच्या फांद्या आपटा म्हणून विकल्या जातात. दोघांचीही पानं जोडपानासारखी दुभंगलेली, म्हणून फसगत होते. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त आणि खालून करडी झाक असलेलं. कांचनाचं पान मोठं आणि मऊ असतं.

कथा तुम्हाला ठाऊक असेल. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी १४ कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या, रघुराजासाठी कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला. लोककथेत तो आपट्यावर आणि शमीवर पडतो. कौत्साने लागतील तेवढ्याच मुद्रा घेतल्या, उरलेल्यांना हात लावला नाही. आणि आपण त्याच्या नावाने अख्खी फांदी ओरबाडून आणतो, संध्याकाळी निम्मी पानं रस्त्यावर तुडवली जातात. याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. घरटी पाच-सात पानं पुरतात. पूजेला एक, थोरांच्या हातावर एकेक. सोसायटीच्या आवारात जागा असेल तर आपट्याचं रोप लावा. पावसाळ्याच्या सुरुवातीला रोपवाटिकेत मागा आणि पान उलटं करून खालची करडी झाक पाहूनच घ्या.