हाडांच्या शाळेत शिकून हाडांचा डॉक्टर का नाही?

"अगं, पण हाडांचीच शाळा आहे ना तुझी? मग हाडांचा डॉक्टर व्हायला अडचण कसली?"

हा प्रश्न सानिकाच्या आजींचा. आजी साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आल्या होत्या. अमेरिकेत मेडिकल शिकणाऱ्या मुलांना मी पुढच्या वाटेबद्दल सल्ला देते. नात व्हिडिओवर माझ्याशी बोलत होती, तेवढ्यात त्या चहाचा कप ठेवायला खोलीत आल्या. सानिका हसली आणि हसता हसताच रडायला लागली. (नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. लिहायला तिची परवानगी आहे.)

सानिका तेव्हा ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होती. व्हायचं होतं ऑर्थोपेडिक सर्जन. आजींना या दोन शब्दांत फरक वाटला नाही, यात त्यांचा काही दोष नाही. ऑस्टिओपॅथीच्या नावातच हाड आहे. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी 1892 साली मिझुरीतल्या कर्क्सव्हिल गावात पहिली शाळा काढली, तेव्हा शरीराची हाडा-स्नायूंची चौकट हाच त्यांच्या विचाराचा पाया होता. आजचा अमेरिकेतला डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक कॉलेजची पदवी घेतलेला, मात्र पूर्ण डॉक्टर असतो. चार वर्षं तोच अभ्यास, वर हातांनी करायच्या उपचारांचे साधारण दोनशे तास, आणि पन्नासही राज्यांत औषधं लिहायचा, ऑपरेशन करायचा अधिकार. इंग्लंडमधला ऑस्टिओपॅथ वेगळा, तो असा डॉक्टर नसतो. त्यामुळे घोळ वाढतो.

आपल्याकडे तर घोळात घोळ. सानिकाच्या पुण्यातल्या काकांना डीओ म्हणजे डोळ्यांचा डिप्लोमा वाटला. एका मावशीने विचारलं, "एमडी न करता सर्जन कशी होणार?" तिच्या डोक्यात भारतातलं एमडी, म्हणजे एमबीबीएसनंतरचं. अमेरिकेत ती पहिलीच पदवी असते, हे कोणाकोणाला समजावणार! शेवटी सानिकाच्या आईने सोपा मार्ग काढला. गणपतीला, हळदीकुंकवाला कोणी विचारलं तर "मेडिकलला आहे" एवढंच सांगायचं. कॉलेजचं नाव नाही, पदवीचं नाव नाही.

माझ्याकडे दर वर्षी हा प्रश्न येतो. विद्यार्थ्यांपेक्षा आईवडिलांकडून जास्त. मुलगा किंवा मुलगी डीओ करतेय, न्यूरोसर्जरी नाहीतर ऑर्थो नाहीतर कान-नाक-घसा म्हणतेय. स्वप्न सोडायला सांगायचं का?

पहिल्या बैठकीत मी एक चूक केली. धीर द्यायला गेले. म्हटलं, अगं, व्हाइट हाउसचे डॉक्टर बघ. ट्रम्पचे शॉन कॉन्ली डीओ, बायडेनचे केव्हिन ओ'कॉनर डीओ. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, एक इमर्जन्सीचे आहेत, दुसरे फॅमिली मेडिसिनचे. सर्जन कोणीच नाही." बरोबर होतं तिचं. अडचण दाराशी आहे आणि मी गच्चीवरचा देखावा दाखवत होते.

दार खरंच अरुंद आहे. ते नाकारून कोणाचंच भलं होत नाही. 2020 पर्यंत डीओंच्या रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतर हॉस्पिटलात राबून शाखा शिकायच्या जागा, वेगळ्या असायच्या. त्यांचा मॅचही, म्हणजे उमेदवार आणि हॉस्पिटलं यांच्या पसंतीच्या याद्या जुळवून जागा वाटायची पद्धतही, वेगळा. त्यात ऑर्थोच्या, कान-नाक-घशाच्या काही जागा फक्त त्यांच्याच. मग दोन्ही व्यवस्था एक झाल्या. एमडींचे प्रोग्रॅम डीओंना आधीही बंद नव्हते; आता डीओंचे राखीव प्रोग्रॅम एमडींनाही खुले झाले. एकूण मॅचमध्ये डीओंचं बरं चाललंय, दहातल्या नऊहून जास्त जणांना जागा मिळते. पण हा आकडा सर्व शाखांचा. ऑर्थोच्या रांगेत उभं राहिलं की तो कामाचा नाही.

आणि अडचण नुसत्या दोन अक्षरांची नाही. बऱ्याच डीओ कॉलेजांचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं. मुलं तिसऱ्या वर्षी गावोगावच्या छोट्या हॉस्पिटलांत फिरतात. कॉलेजात ऑर्थोचा विभागच नाही, तर शिफारसपत्र कोणाकडून घेणार? संशोधन कोणाबरोबर करणार? शिवाय ऑर्थोत मुली आधीच कमी. सानिकाला हे सगळं माहीत होतं. माझ्याकडे ती माहितीसाठी आलीच नव्हती.

दुसऱ्या बैठकीत बोलताना तिचे खांदे सारखे हलत होते. विचारलं, काय करतेस? तिने लॅपटॉप फिरवला. टेबलाच्या ड्रॉवरच्या मुठीला काळा रेशमी धागा बांधलेला, आणि त्यावर एका हाताने, सर्जन टाके घालताना मारतात तशी, गाठीवर गाठ. वेणीसारखी चांगली वीतभर लांब झालेली. "आज किती?" म्हटलं. "मोजत नाही. बोलताना करते, म्हणजे भीती वाटत नाही." तिच्या ऑर्थोच्या अर्जाबद्दल मला शंका होत्या, पण त्या मुठीकडे बघून मुलगी सर्जनच होणार याबद्दल उरली नाही. कुठली सर्जन, एवढाच प्रश्न होता.

मी तिला गृहपाठ दिला. तिने चौथ्या वर्षातल्या ऑडिशनसाठी दोन नामांकित विद्यापीठांची हॉस्पिटलं धरली होती. ऑडिशन म्हणजे आपल्याला ज्या ठिकाणी रेसिडेन्सी हवी तिथे चार आठवडे राबायचं. पहाटे चारला उठून राउंडची यादी तयार ठेवायची आणि चेहरा ओळखीचा करून घ्यायचा. म्हटलं, या दोन्ही ठिकाणांच्या वेबसाइटवर रेसिडेंट्सचे फोटो असतात, नावापुढे पदवी असते. पाचही वर्षांचे मोज. एमडी किती, डीओ किती.

तिने पेन्सिलने मोजून कागद कॅमेऱ्यासमोर धरला. एकीकडे डीओ शून्य, दुसरीकडेही शून्य. "हे मी आधी का नाही बघितलं?" बघितलं होतं गं, पण मोजलं नव्हतं. मोठ्या नावाचं पत्र मिळालं की आपल्या पदवीचा डाग पुसला जाईल, ही आशा त्या दोन महिन्यांमागे होती. डाग हा शब्द तिचाच.

इथे मला कॅलिफोर्नियाचा किस्सा आठवतो, आणि तो तिला सांगितला. 1962 साली तिथल्या सुमारे दोन हजार डीओंना पासष्ट डॉलर भरून एमडी ही अक्षरं मिळाली. परीक्षा नाही, नवा अभ्यास नाही. आदल्या दिवशी जे हात ऑपरेशन करत होते तेच दुसऱ्या दिवशीही. सानिका म्हणाली, "आज देतील का? मी शंभर देईन." दोघी पोटभर हसलो.

मग कामाला लागलो. नामांकित दोन्ही ऑडिशन रद्द. त्याऐवजी पूर्वी डीओंचे असलेले आणि दर वर्षी एखाददुसरा डीओ घेणारे तीन प्रोग्रॅम. डीओंना कॉमलेक्स ही त्यांची परवान्याची परीक्षा द्यावीच लागते, एमडींची यूएसएमएलई ऐच्छिक. पण सर्जरीच्या निवड समित्यांना कॉमलेक्सच्या आकड्याचा अंदाज येत नाही आणि यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याला, स्टेप 1 ला, 2022 पासून गुणच मिळत नाहीत, नुसतं पास-नापास. म्हणून स्टेप 2 द्यायचीच ठरलं. त्याच अभ्यासाच्या दोन परीक्षा, मध्ये नऊ दिवस. ऑर्थोत तीस 'सिग्नल' मिळतात, म्हणजे दोनशेहून अधिक प्रोग्रॅम्सपैकी तिसांना सांगायचं की तुमच्याकडे मला खरंच यायचंय. जिथे ऑडिशन केली तिथेही एक खर्च करायचा. ते तीस आम्ही तसंच पेन्सिलने डीओ मोजून काढले.

खरं अवघड होतं दुसरी यादी. ऑर्थो नाही मिळालं तर? आई म्हणत होती, एक वर्ष संशोधन करून परत अर्ज करू दे. बाबा म्हणत होते, कर्ज बघा. सानिका विषयच काढू देत नव्हती. दुसरा पर्याय लिहिला की पहिला हातचा जातो, अशी काहीतरी तिची समजूत. आपल्याकडे प्रवासाला निघताना "कुठे" विचारत नाहीत, तसलाच प्रकार.

तेव्हा मी तिला विचारलं, तिसऱ्या वर्षातली तुझी आठवणीतली केस सांग. तिने चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन सांगितलं. काल मोडलेल्या, आज वॉकर धरून उभ्या. छान सांगितलं, चार-पाच मिनिटांत. मग विचारलं, जनरल सर्जरीतली एखादी? आणि रात्री दोन वाजता आलेल्या आतड्याच्या पिळाची केस ती वीस मिनिटं सांगत राहिली. आतड्याचा रंग काळपट होता, पीळ सोडवल्यावर हळूहळू गुलाबी होत गेला, सगळे हात थांबवून नुसते बघत उभे होते. मी घड्याळ बघून तिला वेळ सांगितली. ती गप्प. "पण मला ऑर्थोच हवंय," म्हणाली. हवं ना, म्हटलं. यादीत ऑर्थोच वर ठेव. मी फक्त वेळ सांगितली.

दोन्हीकडे अर्ज गेले. दोन वेगळी निवेदनं, वेगळी पत्रं, आणि एकाच हॉस्पिटलात दोन्ही विभागांना अर्ज करायचा नाही हे पथ्य. मुलाखती आल्या: ऑर्थोच्या पाच, जनरल सर्जरीच्या नऊ. फेब्रुवारीत नवी धास्ती. पहिले पाच क्रमांक ऑर्थोला दिले आणि तिथे नाही लागलं, तर तोवर जनरलच्या जागा भरून जातील का? ही शंका जवळजवळ सगळ्यांना येते, आणि उत्तर स्पष्ट आहे: नाही. मॅचचं गणित उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होतं. वरचं नाव हुकलं म्हणून खालच्या नावावरचा हक्क कमी होत नाही. ते गणित आजच्या रूपात बसवणाऱ्यांपैकी एक, अल्विन रॉथ, यांना 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणून मनात जसा क्रम आहे तसाच लिहायचा, हुशारी करायची नाही.

मार्चमधल्या त्या आठवड्यात सोमवारी फक्त एवढंच कळतं की जागा मिळाली की नाही. कुठे, ते शुक्रवारी. दोन शाखांत अर्ज केलेल्यांना चार दिवस हेही कळत नाही की आपण कशाचे डॉक्टर होणार. सानिकाला सोमवारी "मिळाली" आलं. बुधवारी आम्ही बोललो. बोललो म्हणजे ती गाठी मारत होती आणि मी बघत होते.

शुक्रवारी दुपारी फोन आला. सातवा क्रमांक. जनरल सर्जरी, पाच वर्षं. आवाज रडून बसलेला. अभिनंदन म्हणावं की नाही ते मला कळेना, म्हणून विचारलं, जेवलीस का? नव्हती जेवली. शनिवार-रविवार ती खोलीतून फारशी बाहेर आली नाही, हे आईकडून कळलं. आईने मात्र त्याच रात्री नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं होतं, आणि पहिल्यांदाच पदवीसकट.

आजी तोवर साताऱ्याला परतल्या होत्या. सोमवारी सानिकाने त्यांना फोन करून समजावलं: पोट, आतडी, पित्ताशय, हर्निया, स्तन, थायरॉइड. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे हाडं सोडून बाकी सगळं? मग जास्तच मिळालं की गं."

हे मला सांगताना मागे ड्रॉवर दिसत होता. धागा नवा होता.