चरबी काय बोलते?

प्रश्न (परभणीहून एक ताई): वजन ९२ किलो. सकाळी ताटभर सुशीला (फोडणीचे मुरमुरे), वर चहा-बिस्किटं, तरी अकराला भूक. डॉक्टर म्हणाले चरबीच हार्मोन सोडते. खरंय का?

उत्तर: खरंय ताई. १९९४ ला सापडलेलं लेप्टिन चरबीतूनच निघतं अन मेंदूला सांगतं साठा आहे, आता बास. गंमत बघा, लठ्ठपणात ते भरपूर असतं पण मेंदूच दाद देत नाही, अन इन्सुलिनला हात देणारं चरबीचंच दुसरं हार्मोन, अ‍ॅडिपोनेक्टिन, कमी पडतं, ते बरंच वजन उतरल्यावर वाढतं. म्हणून उपाशी राहू नका हं, खाणं एकदम तोडलं की लेप्टिन धाडकन पडतं न भूक खवळते. सुशीला कशाला सोडायची, मुरमुरे निम्मे करा, बाजूला वाटीभर मोड आलेली मटकी घ्या. बिस्किटं मात्र बंद, त्यात काहीच नाही.