उणे 7 नंबर, पातळ कॉर्निया आणि लेसिकचा निर्णय

आपले वय 22, दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे 7 आणि कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडी 498 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असताना एका डॉक्टरांनी लेसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणारी लेसर शस्त्रक्रिया, लगेच करू असे सांगितले व दुसऱ्यांनी नकार दिला, तेव्हा कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही, परंतु 2011 साली स्वतः लेसिक करून घेतल्यापासून हा विषय सातत्याने वाचत आलो आहे, आणि मला नकार देणाऱ्यांचे म्हणणे पटते.

हिशेब करून पाहा. लेसिकमध्ये आधी कॉर्नियाचा सुमारे 110 मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात आणि मग एकेका नंबरामागे साधारण 14 मायक्रॉन, म्हणजे आपल्या बाबतीत 98 मायक्रॉन, लेसरने काढतात. खाली 290 उरतात. 250 ही किमान मर्यादा मानली जात असली, तरी अनेक सर्जन 300चा आग्रह धरतात; शिवाय एकूण जाडीच्या 40 टक्क्यांहून अधिक भागाला हात लागणे धोक्याचे समजतात, आणि आपला आकडा जवळपास 42 भरतो. कमकुवत झालेला कॉर्निया डोळ्यातील दाबाने पुढे फुगू लागला, तर चष्म्यानेही नीट दिसेनासे होते. म्हणूनच जाडीपेक्षाही टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या पृष्ठभागाच्या नकाशात, दिसणारा आकार महत्त्वाचा आहे. डोळे जोराने चोळण्याची सवय असल्यास किंवा घरात कोणाला केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा विकार) असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

दुसरे असे, की गेल्या वर्षभरात नंबर एकाने वाढल्याचे आपणच लिहिले आहे. शस्त्रक्रिया आजचा नंबर घालवते, डोळ्याची वाढ थांबवत नाही. नंबर किमान वर्षभर स्थिर राहू द्यावा.

मोजमापाआधी सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतात. हे मला कोणी सांगितले नव्हते, मी आदल्या रात्रीपर्यंत लेन्स वापरत होतो, आणि शेवटी पाऊण नंबर शिल्लक राहिला. त्याची रुखरुख अजून आहे.

पुढे पर्याय विचारायचाच झाला, तर पीआरके या दुसऱ्या लेसर शस्त्रक्रियेत पापुद्रा उचलत नाहीत, वरचा पातळ थर काढून लेसर करतात, मात्र पहिले तीन-चार दिवस वेदना होतात आणि मोठ्या नंबरात कॉर्नियावर धूसरपणा येण्याची शक्यता असते. आपल्यासारख्यांसाठी डोळ्याच्या आत बसवायची आयसीएल लेन्स मला अधिक योग्य वाटते. ती महाग आहे, आणि डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात पुरेशी खोली असेल तरच बसवता येते.

काहीही केले, तरी आधीच्या तपासण्यांचे कागद जपून ठेवावेत, कारण पुढे मोतीबिंदूच्या वेळी डोळ्यात बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना ते उपयोगी पडतात. मोठ्या उणे नंबराचा डोळा लांबट असतो आणि त्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, ताणलेला असतो; चष्मा गेला तरी ही लांबी तेवढीच राहते. त्यामुळे रेटिनाची तपासणी दरवर्षी करावी, आणि अचानक प्रकाशाच्या चमका किंवा काळे ठिपके दिसू लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.