रात्रीचे दूध आणि वजनकाटा

सोलापूर

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

काल संध्याकाळी तू घरी येऊन गेलीस आणि तुझ्या आशा सेविकेच्या नोंदवहीतले ते एक पान रात्री उशिरापर्यंत माझ्या डोळ्यांपुढून हलले नाही. बाळाचे जन्माचे वजन २,८०० ग्रॅम, चौदाव्या दिवशी २,८५०, एकविसाव्या दिवशी ३,०५०. दिवसरात्रीतून सात-आठ लंगोट ओले. त्याच्याच खाली तुझ्या सुरेख अक्षरात लिहिलेला सल्ला: 'बाळ रात्री झोपत नाही, रात्री एकदा बाटलीने वरचे दूध द्यावे.' वरच्या आकड्यांनी खालच्या सल्ल्याला खोटे ठरवले होते आणि आकडे लिहिणारा हात तुझाच होता.

तुझी अडचण मला कळत नाही असे समजू नकोस. विडी वळणाऱ्या घरातली एकच खोली, नवरा यंत्रमागावर रातपाळीला, सासूबाई म्हणतात दूध पुरत नाही, आणि ती बाळंतीण पोर लाल डोळ्यांनी तुला म्हणते, "अक्का, रात्रीतून पाच वेळा उठतंय, मी काय करू?" अशा वेळी बाटली सुचवणे दयेचे वाटते. पण तू त्या घरात दया दाखवायला गेली नव्हतीस, वजन करायला गेली होतीस. आधी वजन, आधी लंगोट, आणि मग तोंडातून शब्द काढायचा. मी तुला एवढेच शिकवले होते.

एका आठवड्यात दोनशे ग्रॅम म्हणजे दिवसाला जवळजवळ तीस ग्रॅम वाढ झाली. या वयाच्या बाळाने दिवसाला वीस ते तीस ग्रॅम वाढावे अशी आपली अपेक्षा असते, म्हणजे या आईचे दूध पुरते आहे आणि ते पुरण्यात त्या पाच वेळांच्या उठण्याचा मोठा वाटा आहे. तान्हे मूल चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपते, परंतु ती झोप दोन-तीन तासांच्या तुकड्यांची असते, कारण पोट लहान आणि अंगावरचे दूध लवकर पचणारे. दिवसभरात आठ ते बारा वेळा पाजायचे, तर त्यातले काही पाजणे रात्रीच्या वाट्याला येणारच. रात्र आणि दिवस यांतला फरक त्याच्या शरीराला अजून कळत नाही. तो कळायला दोन-तीन महिने जातात. शिवाय त्याच्या झोपेचा निम्मा भाग हालचालींचा असतो. ते कण्हते, तोंड वेडेवाकडे करते, मध्येच हसते, आणि घरातली म्हातारी माणसे सटवाई हसवते असे म्हणतात. अशा वेळी ते जागे झाले असे समजून लगेच उचलू नये, क्षणभर थांबून बघावे. आईच्या दोन-तीन जागरणांची बचत एवढ्यानेही होते.

आता बाटलीचे. दूध तयार करायला सांगणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री पाजताना अधिक स्रवते, आणि छाती बराच वेळ भरलेली राहिली की दूध तयार होण्याचा वेग मंदावतो. म्हणून रात्रीची एक बाटली ही फक्त एका वेळेची सोय नसते. काही दिवसांत दिवसाचेही दूध कमी होऊ लागते आणि दूध पुरत नाही हे सासूबाईंचे बोलणे, जे आज खोटे आहे, ते आपण आपल्या हाताने खरे करून दाखवतो. त्यातून सोलापूरचा उन्हाळा, पाणी येणार काही दिवसांआड, तेही साठवलेले, आणि बाटली उकळायला वेगळे भांडे नाही. हे सगळे तुला माहीत असूनही तू बाटली लिहिलीस याचा मला राग आला, तो लपवत नाही.

माझा राग कुठून येतो तेही सांगते. १९८८ साली माझा मुलगा झाला तेव्हा मी नुकतीच शिकून नोकरीला लागले होते. दर चार तासांनी घड्याळ बघून पाजावे आणि रात्री बाळ रडले तर साखरेचे पाणी द्यावे, असे मला शिकवले गेले होते आणि मी ते निष्ठेने पाळले. तो रडायचा, मी घड्याळाकडे बघायचे. माझी छाती दगडासारखी व्हायची आणि मी चमच्याने पाणी पाजायचे. दुसरा महिना संपता संपता पान्हा आटला. पुढे बाटलीवर त्याला जुलाबाचे दोन मोठे आजार झाले. त्या दोन महिन्यांत एकदाही त्याचे वजन करावे असे मला, एका परिचारिकेला, सुचले नाही. ते आठवले की आजही अन्न गोड लागत नाही.

दुसरी गोष्ट मी तुला आजवर सांगितली नव्हती. एका मे महिन्यात आमच्या वॉर्डात एक मूल जन्मले, अगदी शांत. रात्रभर झोपायचे. "किती शहाणं बाळ आहे गं तुझं," असे मी त्या आईला म्हणाले आणि ती आनंदाने घरी गेली. पाचव्या दिवशी ते परत आले तेव्हा २,६०० ग्रॅमचे २,२०० झाले होते, अंग पिवळे, ओठ कोरडे, लंगोट दिवसभरात एकच ओला. ते शहाणे नव्हते, भुकेने आणि काविळीने इतके गळून गेले होते की उठण्याचेही त्राण त्याच्यात नव्हते. मूल वाचले. त्या आईने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही आणि तेच मला जास्त लागले. तेव्हापासून जन्माचे वजन भरून येईपर्यंत बाळाला तीन तासांपलीकडे झोपू द्यायचे नाही, तळपाय चोळून, दुपटे सैल करून उठवायचे, हे मी प्रत्येक बाळंतिणीला बजावत आले.

तेव्हा बघ, एक मूल रात्री उठते म्हणून लोक घाबरतात आणि दुसरे उठत नाही म्हणून कौतुक करतात, आणि दोन्ही वेळा चुकतात, कारण दोन्ही वेळा वजनकाटा कोपऱ्यात पडलेला असतो. आधी वजन, आधी लंगोट.

लोक मला कडक सिस्टर म्हणत, हे तुझ्याही कानावर आले असेल. एकदा वॉर्डात दुधाच्या डब्यांचे फुकट नमुने वाटायला आलेल्या माणसाला मी जिन्यावरूनच परत पाठवले आणि त्याबद्दल वरिष्ठांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी खुलाशात १९९२ चा कायदा लिहून दिला, ज्याने आईला असे नमुने देणे बेकायदा ठरवले आहे. मी उद्धटपणा केला असे तेव्हा सगळे म्हणाले, आणि आजही मी त्या दिवशी तेच केले असते. बाळंतिणीच्या उशाशी डबा ठेवला की तिचा स्वतःवरचा विश्वास त्या रात्रीच डळमळतो, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. वरचे दूध कधीच लागत नाही असे मी म्हणत नाही. वजन वाढत नसेल, लंगोट सहापेक्षा कमी ओले होत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचे आणि ते सांगतील ते करायचे. पण ते वजन सांगेल, सासूबाईंची काळजी सांगणार नाही.

तुझ्या हातातल्या त्या छोट्या काट्याचे मोल ओळख. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवले, त्याने मृत्यू घटतात हे १९९९ साली जगापुढे मांडले, आणि त्यातूनच २०११ पासून देशभर आशांच्या या भेटी सुरू झाल्या. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस ठरवलेत ते या कामासाठी. नुसती विचारपूस करून, चहा पिऊन परतण्यासाठी नव्हेत.

त्या पोरीचे हाल मात्र खरे आहेत आणि त्यावर उपाय बाटलीखेरीजही आहेत. तिने कुशीवर झोपून पाजायला शिकावे. पाजून झाले की बाळाला आपल्या शेजारीच पण स्वतंत्र पथारीवर उताणे झोपवावे, आणि आपली ती जड सोलापुरी चादर त्याच्या अंगावर घालू नये. संध्याकाळी दोन-तीन तास ते सारखे दूध मागत असेल तर त्याला अपुरे दूध समजू नये, या वयात तसे होतेच. खोलीतली ट्यूबलाइट विड्यांसाठी मध्यरात्रीपर्यंत जळते, ती लवकर बंद करावी, रात्री पाजताना बोलू नये, दिवसा मात्र दार उघडून उजेड येऊ द्यावा. तंबाखूचे हात धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचे नाही. आणि दुपारी बाळ झोपले की तिनेही झोपायचे. सव्वा महिना होईपर्यंत हजार विड्यांचा हिशोब सासूबाईंनी आणि नवऱ्याने सांभाळावा, लंगोट बदलणे आणि ढेकर काढणे त्यांनीही करावे. हे तू त्या दोघांना समोर बसवून सांग, तिच्या मार्फत निरोप देऊ नकोस.

अठ्ठाविसाव्या दिवसाची वाट पाहू नकोस, उद्याच जा. काटा बरोबर ने, तिच्यासमोर वजन कर आणि आकडा तिला वाचायला लाव. 'बाटलीचा सल्ला माझा चुकला,' असे तूच तिला सांग. बाटलीचे दूध एक-दोन दिवसच दिले असेल तर ते थांबवून रात्री पूर्वीसारखे अंगावर घ्यायला सुरुवात करू दे, आणि तीन दिवसांनी पुन्हा वजन करून मला संध्याकाळी येऊन सांग. मी जेवायला थांबेन.

तुझी,
सिस्टर